डाग दिसला की आधी तपासणी

ऑक्टोबर 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. 497 गावांतील 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया त्यात होत्या. त्यांचे चार गट केले गेले. तीन गटांना वेगवेगळ्या पद्धतीची तपासणी एकदाच मिळाली, चौथ्या गटाची खास तपासणी झाली नाही. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची चाचणी झालेल्या गटात कर्करोगाच्या 127 रुग्ण आढळल्या, तपासणी न झालेल्या गटात 118. आकडे जवळपास सारखेच. पण पुढच्या टप्प्यात पोचलेला आजार पहिल्या गटात 39 जणींना होता आणि दुसऱ्या गटात 82 जणींना. मृत्यू अनुक्रमे 34 आणि 64. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले आणि त्यांचे गांभीर्य नाकारता येत नाही. मात्र या जिल्ह्यातील स्त्रियांनी जगाला दिलेला पुरावा स्पष्ट आहे: हा आजार किती लवकर सापडतो, यावर बाईचा जीव अवलंबून असतो.

तो अभ्यास कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांचा होता. मग ज्या बाईला पाळी नसताना डाग दिसतो, तिच्याबाबतीत आपण किती जागे असायला हवे? याचेही उत्तर याच परिसरात मिळते. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतील गावांसाठी 1987 साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. लोक आपणहून दवाखान्यात येत नाहीत म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरले. कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये हे त्यांनी समजावून सांगितले आणि तक्रार असलेल्यांना तपासणीसाठी तयार केले. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्याचे 1995 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. त्यामागे नवे यंत्र नव्हते की नवे औषध नव्हते. लक्षणाबद्दल मोकळेपणाने बोलले गेले, एवढ्यानेच फरक पडला. म्हणून आपल्याकडे सर्वांत आधी मोडायची सवय म्हणजे दुखणे अंगावर काढण्याची.

अवेळी दिसणारा प्रत्येक डाग कर्करोगाचा असतो, असे मुळीच नाही. पाळी सुरू असलेल्या वयात त्याची बहुतेक कारणे साधी असतात. माला-एनसारख्या गोळ्या, अंतरा इंजेक्शन किंवा तांबी सुरू केल्यावर पहिले काही महिने मधेच डाग पडू शकतो. एखादी गोळी चुकली तरी पडतो. काही जणींना दोन पाळ्यांच्या मध्यावर, बीज बाहेर पडताना, किंचित रक्त दिसते. थायरॉइडचा बिघाड, पीसीओडी, रक्त पातळ करणारी औषधे, गर्भाशयातील गाठी, गर्भाशयमुखावरचा लहानसा मस्सा, लैंगिक संसर्गामुळे आलेली सूज ही कारणेही नेहमीची आहेत. चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या काळात तिचे चक्र विस्कळीत होते. यांतल्या अनेक कारणांवर सोपा उपचार आहे. पण बाहेरून दिसणारा डाग कारण सांगत नाही. साध्या सुजेचा डाग आणि गर्भाशयमुखावरच्या जखमेचा डाग कपड्यावर सारखाच दिसतो. ‘उष्णतेमुळे झाले असेल’ किंवा ‘या वयात होतेच’ हा घरातला निर्वाळा निदान ठरू शकत नाही.

कधी थांबावे आणि कधी निघावे, याच्या खुणा मात्र ठरवता येतात. नवी गोळी किंवा तांबी सुरू झाल्यावर एखाद-दुसरा डाग दिसला आणि दुसरा त्रास नसेल, तर पाळीच्या तारखांबरोबर त्याची नोंद ठेवावी. तीन महिन्यांनंतरही तो थांबला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. शरीरसंबंधानंतर रक्त दिसले, दोन पाळ्यांच्या मधे वारंवार डाग पडू लागला, सोबत दुर्गंधीचा स्राव, ओटीपोटात दुखणे किंवा ताप असेल, तर पुढच्या पाळीची वाट पाहण्यात अर्थ नाही. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर दिसलेला डाग थेंबभर असो वा एकदाच दिसलेला असो, त्याची तपासणी झालीच पाहिजे. असा रक्तस्राव झालेल्या साधारण दहांपैकी एका स्त्रीत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. पाळी सुरू होण्याच्या वयाआधी मुलीला रक्त दिसले तरी तिला डॉक्टरांकडे न्यावे. पाळी चुकलेली असेल किंवा दिवस गेले असतील, तर रक्त कमी दिसो वा जास्त, त्याच दिवशी जावे. सोबत पोटात एका बाजूला तीव्र कळ, खांद्यात दुखणे, चक्कर किंवा घेरी येत असेल, तर गर्भ नळीत राहिला असण्याची शक्यता असते. अशा वेळी 108 ला फोन करावा. तासाला एक पॅड भिजेल इतका स्राव सलग होत असेल, तर तीही तातडीचीच वेळ समजावी.

यावर एक आक्षेप येतो की असे लिहून बायकांना विनाकारण घाबरवले जाते. पण दहांपैकी एक म्हणजे उरलेल्या नऊ जणींना तपासणीतून दिलासाच मिळणार असतो. मनात घोळत राहिलेली शंका जास्त छळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: डॉक्टरांकडे गेले की पिशवी काढायलाच सांगतात. ही भीती निराधार नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर ऊसतोड करणाऱ्या 82,309 स्त्रियांच्या पाहणीची आकडेवारी आली. त्यांतील 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती. धाराशिवमधूनही दरवर्षी कुटुंबे ऊसतोडीला जातात, त्यामुळे हा प्रश्न परका नाही. तरीही या आकड्यांवरून तपासणी टाळावी असा निष्कर्ष निघत नाही. निदानाशिवाय शस्त्रक्रिया होऊ देऊ नये, असा तो निघतो. स्पेक्युलम लावून गर्भाशयमुख पाहायला काही मिनिटे लागतात. गरजेप्रमाणे गरोदरपणाची चाचणी, सोनोग्राफी, एचपीव्ही किंवा पॅप चाचणी आणि संशय असेल तर तुकडा तपासणी, अशी ही पायरी-पायरीने जाणारी वाट आहे. पूर्वीची पॅप चाचणी चांगली आली होती म्हणून नव्या डागाकडे काणाडोळा करू नये. ती चाचणी मुख्यतः गर्भाशयमुखाची असते, आतल्या अस्तराच्या आजाराची खात्री तिच्यातून मिळत नाही. आणि कोणी थेट पिशवी काढायचा सल्ला दिला, तर आजाराचे नाव काय, ते कोणत्या अहवालावरून ठरले आणि औषधाने बरे होणार नाही का, हे तीन प्रश्न विचारावेत. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे.

तिसरा मुद्दा अंतराचा आणि बुडणाऱ्या रोजगाराचा. उमरगा-लोहाऱ्याच्या किंवा वाशी-कळंबच्या टोकाच्या गावातल्या बाईला तालुक्याला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी गेली. सोबत कोणी तरी लागते आणि तिथे पुरुष डॉक्टर असेल तर संकोच आडवा येतो. या अडचणी खऱ्या आहेत. बाईला दोष देऊन त्या सुटणार नाहीत, त्या व्यवस्थेनेच सोडवायच्या आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम 1.9 टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी तरी करून घेतली होती. ज्या जिल्ह्याच्या पुराव्यावर जगभर एचपीव्ही चाचणीचा आग्रह धरला गेला, त्या जिल्ह्यातल्या बाईला ती चाचणी तिच्या तालुक्यातच मिळायला हवी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी स्त्री तपासनीस असावी, आशाताईंच्या घरभेटीत अवेळी डागाचा प्रश्न विचारला जावा आणि संशयित रुग्ण धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किंवा बार्शीपर्यंत खरोखर पोचली का, याची नोंद राहावी. बार्शीच्या नोंदणीने गावोगाव फिरून जे केले, ते सरकारी यंत्रणेला अशक्य नाही.

तोवर घरातल्यांनीही आपला वाटा उचलावा. आई, सासू, जाऊ यांच्यापैकी कोणी डागाबद्दल बोलले, तर विषय बदलू नका. नवऱ्यानेही हा बायकांचा विषय म्हणून बाजूला होऊ नये. दवाखान्यात सोबत जावे. पाळी गेलेल्या आईला किंवा आजीला मुद्दाम विचारा, कारण ती स्वतःहून सांगणार नाही. डाग दिसला तर तारीख लिहून ठेवा, तपासणी करून घ्या आणि आजाराचे नाव कळल्याशिवाय कोणत्याही शस्त्रक्रियेला होकार देऊ नका.