तीन दातांचा काटा

भिवंडीतल्या साध्या यंत्रमागाजवळ उभं राहिलं की धोटा दिसतो, पट्टा दिसतो, खाली गुंडाळत जाणारं ग्रे कापड दिसतं. कापडाच्या कडेला असलेला तारेचा छोटा काटा मात्र कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाही. धोटा पलीकडे जाताना मागे बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा सोडतो. फणी पुढे आली की तो धागा काट्याच्या तीन दातांना टेकतो, काटा किंचित कलतो आणि माग चालत राहतो. धोट्यातली कांडी संपली किंवा बाणा तुटला, तर दातांना टेकायला काही उरत नाही. मग काटा कलत नाही, त्याची मागची आकडी हलत्या दांड्यात अडकते आणि माग बंद पडतो. दर दुसऱ्या फेरीला, म्हणजे मिनिटाला पन्नासहून जास्त वेळा ही तपासणी होते. घंटा नाही, दिवा नाही. थांबलेला माग हीच सूचना.

या सदरात मी नेहमी नव्या यंत्रांविषयी लिहितो. हा काटा जुना आहे. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या केनवर्दी आणि बुलो यांनी १८४२ च्या सुमारास मागाला बाणा संपताच थांबायला शिकवलं. जपानच्या साकिची टोयोडांनी १९२४ साली आणलेला स्वयंचलित माग ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटला तरी थांबायचा. त्या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले गेले आणि पुढे टोयोटाची मोटार त्याच घरातून निघाली. माणसाने यंत्राकडे टक लावून बसायचं नाही, अडलं तर यंत्रानेच थांबायचं, हा विचार मोटारीच्याही कारखान्यात गेला.

संगणकवाल्यांना हीच गोष्ट बऱ्याच उशिरा सुचली. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत मार्क वायझर काम करायचे. सप्टेंबर १९९१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांनी लिहिलं, की संगणक रोजच्या जगण्यात इतका विरघळावा की तो वेगळा जाणवूच नये. त्याच प्रयोगशाळेत नताली जेरेमिजेन्को या कलावतीने छतावरच्या छोट्या मोटारीला आठ फुटी प्लास्टिकची दोरी टांगली होती. संगणकांच्या जाळ्यात वर्दळ वाढली की दोरी गरगर फिरायची, शांत असलं की अधूनमधून हलायची. काम सोडून कुणाला पडद्यात डोकं घालावं लागत नसे. वायझर १९९९ मध्ये गेले. त्यांचा लेख आजही डिझाइनच्या वर्गांत वाचला जातो.

भिवंडीत उभं राहून तो वाचला, की मात्र एक शंका छळते. यंत्र जगण्यात विरघळलं म्हणजे नेमकं काय झालं? इथले माग वस्तीतच आहेत. खाली कारखाना, वर बिऱ्हाडं. खट-खट रात्रंदिवस चालते आणि वीज गेली की तान्ही मुलं शांततेने दचकून उठतात. आवाजाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज शंभराच्या आसपास असतो. ‘आता ऐकूच येत नाही,’ असं गल्लीतली माणसं म्हणतात. काही जुन्या कारीगरांच्या बाबतीत हे शब्दशः खरं असतं, कारण कानच गेलेले असतात. सवय होणं आणि त्रास न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काट्याला मी विरघळलेलं यंत्र म्हणेन. मागाच्या आवाजाला नाही म्हणणार, तो माणसाने नाइलाजाने गिळलेला आहे.

चहाच्या टपरीवरचा, पैसे मिळाल्याचं बोलून सांगणारा डबा मला काट्याच्या घरातला वाटतो. यूपीआय २०१६ मध्ये आलं तेव्हा दुकानदार दर गिऱ्हाइकामागे हात पुसून मोबाइल बघायचा. आता त्याचे हात किटलीवरच राहतात.

या विचाराची खरी परीक्षा शहराबाहेर आहे. माणकोली, दापोडे, पूर्णा, वळ या गावांच्या शेतजमिनींवर आज गोदामं उभी आहेत आणि मुंबई-ठाण्याच्या घरांत उद्या येणारं पार्सल बहुधा यांतल्याच एखाद्या छपराखालून निघतं. मागवणाऱ्याच्या दृष्टीने सगळं नाहीसं झालेलं असतं: बोट टेकवलं, डबा दारात. आत काम करणाऱ्याच्या हातात मात्र स्कॅनर असतो. तो दर वस्तूला टीं करतो, पुढचा कप्पा दाखवतो आणि तासाला किती वस्तू उचलल्या याचा हिशेब वर पाठवतो. बारकोड वाचला गेला, चूक काहीच नाही, तरी टीं. बाणा शाबूत असताना दर फेरीला घंटा वाजवणारा माग कुणी विकत घेतला असता का?

आणखी एक फरक आहे. काटा बिघडला तर माग दुरुस्त करणारा जॉबर तो उघडतो, वाकवतो, पुन्हा बसवतो. कारीगरालाही तो कसा चालतो हे ठाऊक असतं. स्कॅनरमधला हिशेब हातात धरणाऱ्याला उघडता येत नाही. तो त्याच्यासाठी अदृश्य आहे आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्यासाठी पूर्ण दृश्य. कामगारापासून लपवलेल्या अशा मोजमापाला विरघळलेलं तंत्रज्ञान म्हणणं मला मान्य नाही.

हे बदलणं अवघड नाही. चुकीची वस्तू उचलली गेली तरच स्कॅनरने आवाज करावा. जो आकडा पर्यवेक्षकाला दिसतो तोच कामगाराला त्याच्या भाषेत दिसावा. मोजणी चुकली असं वाटलं, तर ती तपासून घेण्याचा हक्क त्याला असावा. पवईच्या आयआयटीत १९६९ पासून डिझाइन शिकवलं जातं आणि तिथून भिवंडी लांब नाही. तिथल्या विद्यार्थ्यांना आणि गोदामांसाठी यंत्रं घडवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: पहिली रेघ ओढण्याआधी पद्मानगरातल्या एखाद्या कारखान्यात कारीगराशेजारी एक पाळी उभे राहा. पाळी १२ तासांची असते.