मातीचे सैन्य

चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या सकाळी वऱ्हाडातील पिंपळगाव राजा येथे, साऱ्या महाराष्ट्राप्रमाणेच, घरोघर गुढ्या उभ्या राहतात. त्या दिवशी नव्या वर्षाचे पंचांग उघडले जाते, आणि ‘शालिवाहन शके’ हे शब्द कानी पडतात. हा शालिवाहन कोण, असे मुलांनी विचारले की वडीलधारी माणसे पैठणची कथा सांगतात.

गोदावरीच्या तीरी वसलेल्या पैठणचे प्राचीन नाव प्रतिष्ठान. तेथे कुंभाराच्या घरी एक मुलगा वाढत होता. मातीचे हत्ती, घोडे आणि शिपाई करणे हा त्याचा खेळ. उज्जयिनीचा विक्रमादित्य नगरीवर चालून आला, तेव्हा मुलाने त्या खेळण्यांत प्राण ओतले. मातीच्या सैन्याने शत्रूला पिटाळले, मुलगा राजा झाला, आणि त्या विजयापासून शक सुरू झाला, असे लोक सांगतात. चौदाव्या शतकातील जिनप्रभसूरींच्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथातही मातीच्या सैन्याची ही कथा आहे.

इतिहास मात्र निराळे सांगतो. शकाची गणना इ. स. 78 पासून होते. परंतु पैठणच्या सातवाहन राजांनी आपल्या लेखांत ती वापरलेली नाही. ते आपापल्या राज्यारोहणापासून वर्षे मोजीत. शकगणना वापरली ती त्यांचे प्रतिस्पर्धी असलेल्या क्षत्रपांनी. शालिवाहनाचे नाव तिला कित्येक शतकांनंतर जोडले गेले.

हे ऐकून कोणी संतापतात, तर कोणी कथेलाच हसतात. दोघांचेही चुकते. संतापणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, पैठणचे मोठेपण एका कथेवर अवलंबून नाही. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोच बंदराकडे जाणाऱ्या मालाचा उल्लेख आहे. 1906 साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची होती. त्यांपैकी बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उठविली होती. हा विजय खराखुरा होता.

हसणाऱ्यांनीही थोडे थांबावे. राजाचा जन्म राजवाड्यात व्हावा, असे या कथेने मानले नाही. तिने राज्य दिले कुंभाराच्या घरातील मुलाला, आणि त्याचे सैन्य घडविले पायाखालच्या मातीतून. सामान्य माणसाच्या सामर्थ्यावरील हा विश्वास काही खोटा नव्हे.

युरोपातील रोम नगराचेही असेच आहे. लांडगीच्या दुधावर वाढलेल्या रोम्युलसने इ. स. पूर्व 753 मध्ये ते वसविले, अशी आख्यायिका आहे. दरवर्षी 21 एप्रिलला रोमचे लोक नगराचा जन्मदिन थाटाने साजरा करतात. तेथील पंडित मात्र टेकड्या खणून जुन्या झोपड्यांच्या खुणा शोधतात. एकाचे काम दुसऱ्याच्या आड येत नाही.

पिंपळगावच्या मुलांनीही हीच रीत धरावी. आजीची कथा लिहून घ्यावी व तिच्यापुढे ‘असे सांगतात’ असे लिहावे. शेतात सापडलेले नाणे किंवा देवळावरील लेख पाहावा, जाणत्याकडून तपासून घ्यावा व त्यापुढे ‘असे आढळते’ असे लिहावे. या दोन वह्या जो वेगळ्या ठेवील, त्याला गुढी उभारताना कथेचा आनंदही मिळेल आणि सत्याची भीतीही वाटणार नाही.