आधी पाणी, मग मासे. प्रवाळ मात्र नकोच



प्रवाळभित्तींची रंगीत छायाचित्रे पाहिली की कोणालाही वाटते, समुद्राचा असा एक तुकडा आपल्या प्रयोगशाळेत का असू नये? विज्ञान मंडळाच्या बैठकीत कोणीतरी हा विषय काढतो आणि टाकी केवढी घ्यायची, मासे कोणते आणायचे याची चर्चा सुरू होते. या उत्साहावर पाणी ओतण्याचा माझा मुळीच हेतू नाही. शाळेत खाऱ्या पाण्याची टाकी अवश्य असावी. पण तिच्यात पहिले दीड महिना एकही मासा असू नये आणि प्रवाळ तर कधीच असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगतो.

१८४६ साली लंडनमध्ये ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ आणून घरी पाळले. त्या काळी विजेचे पंप नव्हते. मग पाण्यात हवा मिसळायची कशी? त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीशी उभी राहून अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे! आज पंप आले, एलईडी दिवे आले. पण कोणीतरी रोज लक्ष द्यावे लागते, यात काडीचाही फरक पडलेला नाही.

आता आपण एक टाकी मनातल्या मनात मांडू. लांबी १०० सेंटिमीटर, रुंदी ४० आणि उंची ४०. पाणी ३५ सेंटिमीटरपर्यंत भरले, तर १४० लिटर जागा होते. दगड आणि तळाचा थर वजा जाता सुमारे १२० लिटर पाणी मावेल. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आपल्याला ४.२ किलोग्रॅम क्षार लागतील. स्वयंपाकघरातले मीठ येथे चालत नाही. समुद्रातील क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के भाग सोडियम आणि क्लोराइड यांचा असला, तरी उरलेल्या भागात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम असे घटक असतात आणि सागरी जीवांना ते हवेच असतात. म्हणून मत्स्यालयासाठी तयार मिळणारे क्षारमिश्रण घ्यावे. नळाचे पाणी एक दिवस उघड्या प्लॅस्टिकच्या बादलीत ठेवले की त्यातील क्लोरीन बहुतांशी उडून जातो. तांब्या-पितळेचे भांडे मात्र या कामी वापरू नका. तांब्याचा अंश खेकडे, गोगलगाई यांसारख्या जीवांना घातक ठरतो. मिश्रण विरघळल्यावर हायड्रोमीटर बुडवून पाहा. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आले की पाणी तयार झाले.

पाणी तयार झाले, मग मासे का सोडायचे नाहीत? कारण ते पाणी खारट असले, तरी अजून निर्जीवच म्हणायचे. मासे कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या जवळपास असतो आणि पाणी असे अल्कधर्मी असले की अमोनिया अधिक विषारी ठरतो. समुद्र अफाट असल्याने तेथे हे विष विरून जाते. आपल्या १२० लिटरांत ते साठत जाते. त्याचा बंदोबस्त करतात जिवाणू. एका गटाचे जिवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. नायट्राइटही विषारीच असते. दुसऱ्या गटाचे जिवाणू त्याचे नायट्रेट बनवतात आणि ते बऱ्याच अंशी निरुपद्रवी असते. हे जिवाणू सच्छिद्र दगडांवर आणि वाळूत हळूहळू वाढतात. त्यांना चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. तोवर खाद्य म्हणून कोळंबीचा एक लहानसा तुकडा टाकीत ठेवावा.

हे सहा आठवडे फुकट जातात असे समजू नका. माझ्या मते टाकीचा खरा अभ्यास त्यांतच होतो. दर दोन दिवसांनी चाचणीसंचातील थेंब टाकून रंग पाहा आणि आलेखाच्या कागदावर बिंदू मांडा. आधी अमोनियाची रेषा चढेल आणि उतरेल, मग नायट्राइटची चढेल आणि उतरेल, शेवटी नायट्रेटची चढू लागेल. पाठ्यपुस्तकातील नायट्रोजन चक्राची आकृती तुमच्याच वहीत उमटेल. पहिल्या दोन रेषा शून्यावर आल्यानंतरच मासे आणावेत. घाईने आणलेले मासे आठवड्यात उलटे तरंगू लागतात आणि मग 'पाणी मानवले नाही' असे म्हणून दुसरे आणले जातात. हे विज्ञान नव्हे.

आता एक कोडे. टाकीतले सहा लिटर पाणी आठवड्यात वाफ होऊन उडाले. भर कशाची घालाल, खाऱ्या पाण्याची की गोड्या? बरेच जण चटकन 'खाऱ्या' असे उत्तर देतात. पण वाफ होते ती पाण्याची. क्षार मागेच राहतात. दर आठवड्याला सहा लिटर खारे पाणी ओतले, तर प्रत्येक वेळी २१० ग्रॅम क्षार वाढतील. चार आठवड्यांत ४२०० चे ५०४० ग्रॅम होतील आणि क्षारता लिटरला ३५ वरून ४२ ग्रॅमवर जाईल! म्हणून भर रोज गोड्या पाण्याची घालायची. खारे पाणी फक्त दर आठवड्याला दहावा हिस्सा बदलताना वापरायचे, म्हणजे १२ लिटर काढून १२ लिटर नवे घालायचे. त्यामुळे साठलेले नायट्रेटही कमी होते.

पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. उन्हाळ्यात आपल्याकडे ते सहज वर जाते. तेव्हा पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडावा. माठातले पाणी ज्या तत्त्वाने गार होते, त्याच तत्त्वाने हेही होते. अर्थात मग वाफ अधिक होते आणि गोड्या पाण्याची भरही अधिक घालावी लागते. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा, कारण माशांप्रमाणे त्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो.

'एवढे सगळे करायचे, तर मग प्रवाळ का नको? शोभा तर त्याचीच!' असे कोणी विचारील. पहिले कारण कायद्याचे आहे. भित्ती बांधणारे प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. २०२० साली मुंबईत सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळ हलवावे लागले, तेव्हा महापालिकेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. मग शाळेच्या शोभेसाठी तुकडा तोडून आणणे कसे क्षम्य ठरेल? दुकानात मिळणारा तुकडा कोणत्या समुद्रातून आला, हे नुसते पाहून तुम्हाला सांगता येणार नाही आणि तुमच्या शिक्षकांनाही नाही.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवले राहतात आणि त्याला अन्न पुरवतात. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर ही शैवले बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरे पडते. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपमध्ये असे मोठ्या प्रमाणावर घडले. ज्या जीवाला एका अंशाची चूक सोसत नाही, तो शिकाऊ हातांत देऊ नये. उलट, १२० लिटर पाणी एका अंशाने खाली आणायला किती खटपट पडते हे ज्याने अनुभवले, त्याला समुद्र एका अंशाने तापणे म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

मग टाकीत ठेवावे काय? कालवांच्या शिंपल्यांचा धुतलेला चुरा, सच्छिद्र दगड, शंखात राहणारे दोन-चार लहान खेकडे आणि विदूषक माशांची एक जोडी पुरे. हे मासे बंदिस्त जागेत वाढवता येतात. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे तंत्र विकसित केले आहे. समुद्रातून पकडलेले नकोत, पैदास केलेलेच द्या, असे विक्रेत्याला बजावून सांगा. प्रवाळ पाहायचे असेल, तर मालवणला जा. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. पाण्यात डोके घालून पाहा आणि रिकाम्या हातांनी परत या.

शेवटची गोष्ट शिक्षकांसाठीही आहे. शाळा जूनमध्ये उघडते. तेव्हा पाणी भरले तर ऑगस्टमध्ये मासे येतील आणि पुढच्या मे महिन्यात टाकीची खरी परीक्षा होईल. कडक ऊन, गेलेली वीज आणि शाळेला सुट्टी! म्हणून काच विकत घेण्यापूर्वी एक तक्ता फळ्यावर लिहा: दिवाळीची सुट्टी आणि मे महिना, रोज एक नाव. सगळे रकाने भरले, तर खुशाल टाकी आणा. भरले नाहीत, तर यंदा ते पैसे मालवणच्या सहलीला लावा आणि पुढच्या जूनमध्ये तक्ता पुन्हा लिहा. बंद शाळेत कोणाची तरी वाट पाहत मासे मरण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.