उसाच्या मधाचे गाव

दक्षिण स्पेनच्या मालागा प्रांतात, नेरहा या समुद्रकाठच्या शहरापासून अवघ्या ६-७ किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत फ्रिहिल्याना हे गाव वसले आहे. जुन्या वस्तीत पायीच हिंडावे लागते. चुन्याने पांढरी केलेली घरे, गोटे बसवलेल्या चढत्या गल्ल्या, आणि मध्येच खाली दिसणारा निळा भूमध्य समुद्र.

येथील भोजनगृहांत तळलेल्या वांग्यांवर काळसर पाक घालून देतात. त्याचे नाव ‘मिएल दे कान्या’, म्हणजे उसाचा मध. मध वर्ज्य असणारा प्रवासी नाव ऐकूनच ताट दूर सारील. वस्तुतः मधमाशीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ती आपली काकवीच! ‘एल इनहेनिओ’ या सोळाव्या शतकातील सरदारवाड्यात तिचा कारखाना आजही चालतो.

या किनाऱ्यावर ऊस आणला तो अरबांनी. त्यांच्या काळापासून येथे नांदणाऱ्या मोरिस्को समाजावर राजाज्ञेने भाषा व पोशाख सोडण्याची सक्ती झाली, तेव्हा १५६८ मध्ये त्यांनी बंड पुकारले. १५६९ च्या जूनमध्ये गावाजवळील उंच कड्यावर त्यांचा मोड झाला. पुढे त्यांना देशोधडीला लावून त्यांच्या घरांत नवे रहिवासी वसवले गेले. ही हकीकत त्याच गल्ल्यांच्या भिंतींवर १२ चिनी मातीच्या फलकांतून सांगितली आहे. पराभूतांची कहाणी अशी आपल्याच भिंतीवर लावून घेणारी गावे जगात फार नसावीत. सहलीचे गट मात्र दुकानातून काकवीची बाटली घेऊन फलकांवरून नजर फिरवीत खाली उतरतात.