बुडालेला तास आणि चुकलेला हंगाम

कोरोनाच्या साथीत अमेरिकेच्या संघ सरकारने उच्च शिक्षणाला सढळ हाताने साहाय्य केले. मार्च २०२० मध्ये सुमारे १४ अब्ज, डिसेंबरात सुमारे २३ अब्ज आणि मार्च २०२१ मध्ये सुमारे ४० अब्ज डॉलर मंजूर झाले. या पैशाचा मोठा भाग थेट विद्यार्थ्यांच्या हाती पडावा, हा दंडक उचितच होता. परंतु बंद पडलेल्या प्रयोगशाळांचे काय? त्यांच्यासाठी सुमारे २५ अब्ज डॉलरांचे विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडले गेले. ते संमत मात्र झाले नाही. बुडालेला तास पुन्हा घेता येतो. हंगाम चुकलेले निरीक्षण आणि पांगलेला तरुण संशोधक सहसा परत मिळत नाही.

१९५० मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान स्थापून ज्या राष्ट्राने मूलभूत संशोधन हे शासनाचे कर्तव्य मानले, त्याच राष्ट्राच्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये वैद्यकीय संशोधनाच्या अनुदानातील अप्रत्यक्ष खर्चावर १५ टक्क्यांची मर्यादा घालू पाहिली. वीज, इमारती, उपकरणांची देखभाल यांचा भार याच खर्चावर असतो. न्यायालयाने ती मर्यादा रोखली, हे खरे. पण संशोधनाचा दिवा न्यायालयाच्या निवाड्यावर किती काळ तेवत राहणार? संकटातील मदत विद्यापीठाला तगवते; विद्येची वाढ होते ती अखंड अनुदानानेच.