कलम १०१ आम्हाला, कलम ८८ कोणाला?



ज्वारी करपली, कापसावर बोंडअळी पडली आणि सोसायटीचा हप्ता थकला, की सहकार कायद्याचे कलम १०१ धावत येते. वसुली दाखला, नोटीस, मग जप्ती. भूम तालुक्यात हे कोणाला सांगायला नको.

त्याच कायद्यात कलम ८८ आहे: संचालकांनी संस्थेचे नुकसान केले तर ते त्यांच्याकडून भरून घ्यायचे. ते मात्र लंगडत चालते.

२००२ साली होम ट्रेडच्या सरकारी रोखे घोटाळ्यात आपल्या जिल्हा बँकेचे ३० कोटी अडकले. रोखे हाती न पडता पैसे दिलेच कसे? आम्ही बियाण्याच्या पिशवीचीसुद्धा पावती मागतो! नागपूर जिल्हा बँकेचे १०० कोटींच्या वर गेले. तिथले अध्यक्ष सुनील केदार पुढे मंत्री झाले. ५ वर्षांची शिक्षा झाली ती २२ डिसेंबर २०२३ ला, आणि जानेवारी २०२४ मध्ये हायकोर्टाचा जामीन. २१ वर्षे कोणत्या शेतकऱ्याची वसुली थांबली होती?

जिल्हा बँकेच्या सभेला तुमच्या सोसायटीचा प्रतिनिधी जातो आणि जेवून परत येतो. यंदा त्याच्या हाती लेखी प्रश्न द्या: होम ट्रेडच्या पैशांची जबाबदारी कोणावर किती बसवली, वसूल किती झाली? उत्तर आणले नाही तर सोसायटीच्या निवडणुकीत त्याला मत नाही.