शेजार महाग का पडतो?

भारतातल्या एखाद्या कंपनीला बांगलादेशातल्या कंपनीपेक्षा ब्राझील किंवा जर्मनीतल्या कंपनीशी व्यापार करणं १५ ते २० टक्क्यांनी स्वस्त पडतं. जागतिक बँकेच्या २०२१ मधल्या एका अहवालात हे म्हटलं आहे. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. बांगलादेशाशी आपली चार हजार किलोमीटरहून लांब सीमा आहे. ब्राझीलला माल पाठवायचा तर दोन महासागर ओलांडावे लागतात. तरी शेजारी महाग आणि सातासमुद्रापलीकडचा स्वस्त! असं का, हे आज जरा खोलात जाऊन पाहू.

प्रश्न जुना आहे, पण आज तो जास्त टोचतो. आम्ही तिशीतली मंडळी नोकरीला लागलो तेव्हा जगात अंतर उरलंच नाही असं वाटायचं. क्लायंट अमेरिकेत, सर्व्हर आयर्लंडमध्ये आणि आपण घरच्या टेबलावर. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली, नियम ठरले, आता व्यापार त्या नियमांनी चालणार असं आपण गृहीत धरलं. त्या संघटनेची अपिलं ऐकणारी यंत्रणा डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्या. मग करोनात कंटेनर अडकले. २७ ऑगस्ट २०२५ पासून तर अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवरचं एकूण जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. तिरुपूरचे कपडेवाले, सुरतचे हिरेवाले, कोळंबी निर्यात करणारे, सगळ्यांना एकदमच फटका बसला. असे दर वाढतात, वाटाघाटी होतात, पुन्हा बदलतात. पण एकाच लांबच्या मोठ्या गिऱ्हाइकावर दुकान चालवण्यात काय धोका असतो, ते मात्र सगळ्यांना कळून चुकलं.

अशा वेळी साहजिकच शेजार आठवतो. युरोपीय संघातल्या देशांचा जवळजवळ ६० टक्के व्यापार आपसात चालतो. आग्नेय आशियातल्या ‘आसियान’ देशांचा सुमारे पाचवा हिस्सा. आपल्या दक्षिण आशियात हे प्रमाण जेमतेम ५ टक्के आहे.

यावर पहिला अंदाज असा, की आयात शुल्क जास्त असणार. पण तसं नाही. सार्क देशांचा मुक्त व्यापार करार १ जानेवारी २००६ पासून लागू आहे. २०११ मध्ये भारताने बांगलादेशाच्या जवळजवळ सगळ्या मालावरचं शुल्क काढून टाकलं. खरा खर्च शुल्काचा नसून थांबण्याचा आहे.

पश्चिम बंगालमधला पेट्रापोल नाका घ्या. पलीकडे बांगलादेशातलं बेनापोल. त्याच अहवालानुसार इथून माल पार व्हायला १३८ तास लागत. म्हणजे पावणेसहा दिवस! आधी गाडी पार्किंगमध्ये उभी राहायची, मग कागद, मग तपासणी, मग बेनापोलला जाऊन सगळा माल उतरवायचा आणि तिथल्या ट्रकमध्ये पुन्हा भरायचा, कारण आपला ट्रक तिथून पुढे जाऊ शकत नाही. नुसत्या या चढ-उतारालाच २८ तास. पूर्व आफ्रिकेत तेवढीच वर्दळ असलेल्या सीमेवर सहा तासांच्या आत काम होतं. हे पावणेसहा दिवस ड्रायव्हर रस्त्याकडेला काढतो, नाशवंत माल खराब होतो, व्यापाऱ्याचं भांडवल अडकतं. हा सगळा खर्च शेवटी मालाच्या किमतीत चढतो. शेजार महाग पडतो तो असा.

नाका म्हणजे काय, हे आपल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. आपली बहुतेक घरं कुठल्या ना कुठल्या राज्याच्या हद्दीला लागून वाढलेली. बेळगावच्या उद्यमबागेतून कास्टिंग घेऊन कोल्हापूरकडे निघालेली गाडी असो की इंदूरहून धुळ्याकडे निघालेला ट्रक, विक्रीकराचा नाका, तिथली रांग, कागदांची चळत हे ठरलेलं होतं. परराज्यातून माल घेतला की सी फॉर्मसाठी खेपा. देश एक, रुपया एक, पण बाजार मात्र राज्याराज्यांत तुटलेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि काही दिवसांतच बहुतेक राज्यांनी हे करनाके उठवले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीला ई-वे बिल आलं. जीएसटीबद्दल छोट्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्याही आहेत. पण गाडी नाक्यावर अडकण्याचा प्रकार पुष्कळ कमी झाला, हे कोणीही मान्य करेल.

या बदलातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, वाद मिटण्याची वाट पाहिली गेली नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा सीमावाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये वातावरण इतकं तापलं, की गाड्यांवर दगडफेक झाली आणि एसटीच्या फेऱ्या काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. पण त्याच काळात दोन्ही राज्यांचे मंत्री जीएसटी परिषदेत एका टेबलावर बसत होते आणि तोच कर, तेच ई-वे बिल दोन्हीकडे चालू होतं. या व्यवस्थेने वाद सुटला नाही, सुटणारही नव्हता. पण वाद आहे म्हणून रोजचा व्यवहारही त्याच्या हवाली करायचा, असं झालं नाही.

दुसरी गोष्ट, ज्याला भीती वाटत होती त्याला भरपाई दिली. जीएसटीमुळे आपलं उत्पन्न बुडेल अशी भीती महाराष्ट्र, तमिळनाडूसारख्या कारखानदार राज्यांना होती. त्यांना पाच वर्षं दरसाल १४ टक्के वाढीची हमी कायद्याने मिळाली. ‘देशहितासाठी सोसा’ एवढंच सांगितलं असतं, तर ही राज्यं कदाचित आजही तयार झाली नसती.

आता हीच दोन मापं दक्षिण आशियाला लावून पाहा. सार्क ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात स्थापन झाली. तिथे निर्णय एकमताने होतात. एकाने मान हलवली की सगळं अडतं. शेवटची शिखर परिषद काठमांडूला २०१४ मध्ये झाली. तिथे एकमेकांच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर येऊ द्यायचा करार पाकिस्तानच्या नकारामुळे झाला नाही. म्हणून बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चौघांनी १५ जून २०१५ ला थिंफूमध्ये वेगळा करार केला. तर पुढच्याच वर्षी भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला. अरुंद डोंगरी रस्ते, पर्यावरण आणि शेजारच्या मोठ्या देशांतल्या ट्रकवाल्यांपुढे आपले टिकणार नाहीत ही काळजी.

भूतानवर हसण्याआधी आपणही आरशात पाहायला हवं. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारत ‘आरसेप’ या मोठ्या आशियाई व्यापार करारातून बाहेर पडला, तेव्हा आपली कारणं याच जातीची होती. चीनचा स्वस्त माल येईल, न्यूझीलंडच्या दुधापुढे आपला दूधवाला टिकणार नाही. दोन-चार म्हशींवर घर चालवणाऱ्याची भीती खोटी नव्हती. भूतानच्या ट्रकवाल्याचीही नाही. फरक इतकाच, की राज्यांना भरपाई देणारं केंद्र सरकार होतं, देशांना भरपाई देणारं कोणी नाही. युरोपीय संघाने त्यासाठी आपल्या अंदाजपत्रकात मागास भागांकरता वेगळे निधी ठेवले. आपल्याकडे तो विषय गंभीरपणे निघालाच नाही.

मग काहीच होत नाही का? होतं, पण फोटो निघतो तिथे नाही.

नेपाळचं उदाहरण घ्या. एकेकाळी काठमांडूत हिवाळ्यात दिवसाला १६ तासांपर्यंत वीज जायची. आता जलविद्युत प्रकल्प वाढले आणि पावसाळ्यात नेपाळकडे वापरून उरेल इतकी वीज असते. पाणी साठवायला मोठी धरणं फारशी नाहीत, त्यामुळे त्या वेळी विकली नाही तर ती वायाच जाणार. तिकडे बांगलादेशाला उन्हाळ्या-पावसाळ्यात विजेची गरज. दोघांच्या मधे भारताची चिंचोळी पट्टी, सगळ्यात अरुंद ठिकाणी जेमतेम २२ किलोमीटर. ३ ऑक्टोबर २०२४ ला काठमांडूत तिन्ही देशांच्या वीजसंस्थांनी करार केला. १५ जून ते १५ नोव्हेंबर या काळात नेपाळने ४० मेगावॉट वीज बांगलादेशाला द्यायची, युनिटमागे ६.४ अमेरिकी सेंट दराने आणि भारताच्या तारांमधून.

४० मेगावॉट म्हणजे फार नाही, एखाद्या मध्यम शहराचीही गरज त्यात भागणार नाही. पण तारखा बघा. ढाक्यात सत्तांतर झालं ऑगस्ट २०२४ मध्ये आणि भारत-बांगलादेश संबंध बिघडले. तरी दोन महिन्यांत करार झाला. पुढे एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने आपल्या सुताची खुष्कीच्या मार्गाने होणारी आयात बंद केली. मे महिन्यात भारताने त्यांच्या तयार कपड्यांना जमिनीवरचे नाके बंद केले. म्हणजे ट्रक पुन्हा अडकले. पण जून उजाडला आणि ठरल्याप्रमाणे नेपाळची वीज भारतातून बांगलादेशात जाऊ लागली.

तार का टिकली? मला यातली तांत्रिक बाजू फार बोलकी वाटते. भारताची आणि बांगलादेशाची वीज बेहरामपूर-भेरामारा या वाहिनीने २०१३ पासून जोडलेली आहे. दोन ग्रिड थेट जोडले तर दोघांनाही सेकंदासेकंदाला एकाच तालात चालावं लागतं. एकाकडे गडबड झाली की दुसऱ्यालाही झटका. म्हणून भेरामारा इथे एक स्टेशन उभारलं आहे. तिथे भारताकडून आलेली एसी वीज आधी डीसी होते आणि पुन्हा एसी होऊन बांगलादेशाच्या ग्रिडमध्ये जाते. दोघांचा ताल वेगळा राहिला तरी देवाणघेवाण चालते. सहकार्यासाठी एकरूप व्हावं लागत नाही. मधली जोडणी नीट बांधावी लागते आणि ती बांधण्याआधी कोणाच्या चुकीची किंमत कोणी मोजायची ते ठरवावं लागतं.

पैशाच्या व्यवहारातही हेच दिसतं. आपलं यूपीआय आणि सिंगापूरचं पे-नाऊ २१ फेब्रुवारी २०२३ ला जोडलं गेलं. कोणी आपली प्रणाली सोडली नाही, दुसऱ्याची घेतली नाही. त्याच्या आधी, एप्रिल २०२१ मध्ये, थायलंड आणि सिंगापूर यांनी अशी जगातली पहिली जोडणी केली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये आसियानमधल्या पाच देशांच्या मध्यवर्ती बँकांनी आपल्या पेमेंट प्रणाली जोडायचा करार केला. ते पाच देश म्हणजे इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड. १९६७ मध्ये आसियान स्थापन करणारेही हेच पाच, आणि त्याच्या आदल्या वर्षापर्यंत इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्यात सशस्त्र संघर्ष चालू होता.

दोन प्रणाली जोडायचं काम आमच्या धंद्यात रोजचंच. त्यात कोड लिहिणं हा सोपा भाग असतो. पैसे गेले पण पोचले नाहीत तर जबाबदार कोण, नाव जुळलं नाही तर काय करायचं, तक्रार कोणत्या देशाच्या कायद्याने सोडवायची, विनिमय दर कुठल्या क्षणाचा धरायचा, या प्रश्नांवर महिने जातात. ही कंटाळवाणी कामं असतात आणि त्यांची बातमी होत नाही. पण तीच न झाल्यामुळे पेट्रापोलला ट्रक उभा राहतो.

आपल्यातले पुष्कळजण याच क्षेत्रांत काम करतात. कोणी बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये, कोणी कस्टम्स क्लिअरिंगमध्ये, कोणी वीज कंपनीत, कोणाचा स्वतःचा कारखाना आहे. हद्दीवर राहण्याची सवय आपल्याला पिढ्यांपासूनची. घरात मराठी, बाजारात कन्नड, हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा कोकणी, आणि दोन्ही सांभाळताना आपलं काही सोडल्यासारखं वाटत नाही. त्यामुळे शेजारी देशांशी व्यापाराचा विषय निघाला की ‘त्यांच्याशी आपलं जमायचं नाही’ हे उत्तर आपण तरी इतक्या सहज देऊ नये.

पुढच्या वेळी एखाद्या शिखर परिषदेत नेत्यांनी हात उंचावल्याचा फोटो पाहिलात, की खालची बातमी जरूर वाचा. तिथे किती मेगावॉट, कुठली वाहिनी, कुठला कागद दोन्हीकडे चालणार, नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, असं काही लिहिलेलं आहे का ते पाहा. आणि पेट्रापोलच्या त्या १३८ तासांचे आता किती झाले, हेही शोधा.